पर्यावरण कायद्याची फेरतपासणी कोणी करावी?

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, नियोजित खाणीसंबंधी भरलेल्या जनसुनावणीस हजर राहण्याचा योग मला आला. शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला होता. व्यासपीठावर जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेले अंमलदार बसलेले होते. बाजूच्या मेजावर पर्यावरण आघात मूल्यांकनाचा चारपाचशे पानांचा इंग्रजी अहवाल आणि त्याच्या शेजारी मराठी सारांशाच्या पंधरावीस पानी प्रती मांडून ठेवलेल्या होत्या. सत्तरीच्या घरातले एक बागायतदार उठले, डोक्यावरची टोपी सारखी करीत ध्वनिक्षेपकापाशी आले, आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: आमच्या वाडीच्या माथ्यावरचा झरा, ज्याचे पाणी मे अखेरपर्यंत पाटाने पोफळीच्या बागेत येते, तो या पुस्तकात कोणत्या पानावर आहे? सल्लागाराने पाने चाळली, मग परिशिष्टे चाळली, मग घडी घातलेला नकाशा उलगडला. झरा कोठेही नव्हता. सायंकाळी नियमाप्रमाणे सभेचे इतिवृत्त मराठीत वाचून दाखविण्यात आले, तेव्हा त्या प्रश्नाची नोंद ‘ग्रामस्थांनी पाण्याबाबत शंका उपस्थित केली’ एवढ्या एका ओळीत झालेली होती.

ती ओळ माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही, आणि तिचा विचार करता करता ज्या निष्कर्षाप्रत मी आलो तो असा, की त्या दिवशी त्या मांडवात कोणीही नियम मोडलेला नव्हता. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तीस दिवस आधी जाहीर सूचना द्यावयाची, ती दिलेली होती. जिल्हाधिकाऱ्यांनी अथवा अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नाही अशा अधिकाऱ्याने अध्यक्षस्थानी बसावयाचे, ते बसलेले होते. सारांश लोकांच्या भाषेत द्यावयाचा, तो दिलेला होता. साऱ्या कामकाजाचे चित्रीकरण करावयाचे, तेही चाललेले होते. अहवाल मात्र ज्याने लिहिला त्याची नेमणूक आणि त्याचा मेहनताना ही दोन्ही ज्याला खाण हवी होती त्याच्याच हाती होती, आणि यासही कायद्याची पूर्ण मान्यता आहे. ज्या व्यवस्थेत एकही नियम न मोडता एक वाहता झरा दप्तरातून नाहीसा होऊ शकतो, त्या व्यवस्थेची चौकशी अंमलदारांच्या वर्तनापाशी थांबवून भागत नाही. ती कायद्याच्या मुळापर्यंत नेली पाहिजे.

हे मूळ म्हणजे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६. १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांमधल्या रात्री भोपाळ शहरावर जे विष पसरले त्याच्या छायेत हा कायदा जन्मास आला. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत भारताने मान्य केलेल्या कर्तव्याचा त्याच्या प्रास्ताविकेत उल्लेख आहे. परंतु त्याची घाई आणि त्याचा आवेश भोपाळचा होता. हाती काहीच साधन नसलेल्या सरकारला एकदम पुष्कळ साधने द्यावीत, या त्या काळी सर्वांना रास्त वाटलेल्या भावनेने कलम ३ लिहिले गेले, आणि पर्यावरणाच्या रक्षणासाठी आवश्यक अथवा इष्ट वाटतील ते सर्व उपाय योजण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. कशास संरक्षण द्यावयाचे, कितपत द्यावयाचे, आणि उद्योगांना दिलेल्या सवलतींची मर्यादा कोठे आखावयाची, यांपैकी काहीच संसदेने स्वतः ठरविले नाही. सरकार कमकुवत आहे, त्याला बळ द्यावे, असे समजून केलेला तो कायदा होता. तेच बळ संरक्षण सैल करण्याकडेही वापरले जाईल, ही शक्यता त्या वेळी विचारात घेतली गेली नाही.

शिक्षेच्या बाबतीतही हाच अनुभव आला. कलम १५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला होता, पण कलम २४ ने अशी तजवीज केली की तेच कृत्य दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली अपराध ठरत असेल तर शिक्षा त्या दुसऱ्या कायद्याप्रमाणेच व्हावी. आणि पाणी व हवा यांचे प्रदूषण करणारी बहुतेक कृत्ये १९७४ च्या व १९८१ च्या कायद्यांखाली आधीच अपराध असल्याने, सर्वांत कडक म्हणून गाजलेले कलम व्यवहारात बरेचसे कागदावर राहिले. एक लाखाचा तो आकडा १९८६ पासून सदतीस वर्षे तसाच होता. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने अखेर त्यास हात लावला तो कारावास काढून टाकण्यासाठी. १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपये अशी शास्ती तेवढी आहे, आणि ती ठरविणारा अधिकारी सरकारनेच नेमावयाचा आहे. तुरुंगाच्या भयाने पर्यावरण सुधारते असे मी मानीत नाही. तथापि भोपाळच्या दुःखातून आलेले एक कलम काढून टाकण्यापूर्वी, त्याखाली किती खटले झाले, किती सुटले आणि का सुटले, याची तपासणी एखाद्या त्रयस्थ मंडळाकडून करवून घेऊन ती लोकांपुढे ठेवावयास हवी होती. ते झाले नाही.

कायद्याचा खरा व्यवहार अधिनियमात चालत नाही, अधिसूचनांत चालतो. प्रकल्पांना पूर्वमंजुरी घेण्याचा संपूर्ण शिरस्ता २७ जानेवारी १९९४ च्या, आणि पुढे १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेवर उभा आहे. संसदेत त्याच्या एकाही ओळीवर मतदान झालेले नाही. अधिसूचना बदलण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करून साठ दिवस हरकती मागवाव्यात असा नियम आहे, आणि सार्वजनिक हितासाठी ही पायरी वगळता येईल अशी सोय त्याच नियमात आहे. या सोयीचा उपयोग कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. २०२० च्या मार्च महिन्यात, टाळेबंदीच्या चौथ्या दिवशी, सारा देश घरात कोंडलेला असताना, रस्ते व नलिका यांसारख्या लांबलचक प्रकल्पांसाठी साधी माती खोदून नेण्यास पर्यावरण मंजुरीची गरज नाही, अशी दुरुस्ती कोणाचीही हरकत न मागविता करण्यात आली. किती माती, कोठली माती, किती खोल, याचा काही खुलासा तीत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी ती सवलत रद्द केली. म्हणजे चार वर्षे ती चालू राहिली. डोंगराच्या पायथ्याची माती एकदा यंत्राने उचलली की न्यायालयाचा निर्णय ती परत आणून टाकू शकत नाही.

त्याच वर्षी नव्या मूल्यांकन अधिसूचनेचा मसुदा आला, तोही फक्त इंग्रजी आणि हिंदी या दोन भाषांत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत तो उपलब्ध करावा आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवावी, असा हुकूम दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. जनसुनावणीच्या सूचनेची मुदत तीसवरून वीस दिवसांवर आणणारा तो मसुदा होता. ज्या बागायतदाराचा झरा पुस्तकात सापडला नाही, त्याला पुस्तक वाचण्यासाठी असलेले दिवस कमी करणे ही सुधारणा कशी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला कोठेही मिळालेले नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कायदा जुना झाला, विस्कळीत झाला, त्यात सुधारणा हवी, हे उद्योजक म्हणतात, कार्यकर्ते म्हणतात, न्यायाधीश म्हणतात आणि खुद्द सरकारही म्हणते. एवढे एकमत असूनही चाळीस वर्षांत घडले काय, तर २०१४ साली माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या अध्यक्षतेखाली एक उच्चस्तरीय समिती नेमण्यात आली. वन, वन्यजीव, पाणी, हवा आणि पर्यावरण या विषयांवरचे सगळे मोठे कायदे तपासण्यासाठी तिला आरंभी दोन महिने देण्यात आले, मग महिनाभराची मुदतवाढ मिळाली. २९ ऑगस्टला नेमलेल्या समितीने १८ नोव्हेंबरला अहवाल सादर केला. अहवालात विचारणीय गोष्टी नव्हत्या असे नाही. मंजुरीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय प्राधिकरण असावे ही त्यातील सूचना सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये लाफार्ज प्रकरणात केलेल्या सूचनेशी जुळणारी होती. परंतु प्रकल्पधारक जे लिहून देईल ते ‘परम सद्भावा’ने दिलेले आहे असे धरून चालावे, हे तिचे सूत्र ज्या कोणी एकदा तरी असा मांडव पाहिला आहे त्याला पटण्याजोगे नव्हते. गोव्यातील मोपा विमानतळाच्या प्रकरणात, प्रकल्पधारकाने अर्जात महत्त्वाची माहिती दडविली म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०१९ मध्ये मंजुरी स्थगित करावी लागली होती; सद्भाव कायद्याने गृहीत धरता येत नाही, तो पडताळून पाहावा लागतो. २०१५ च्या जुलैत संसदेच्या स्थायी समितीने सुब्रमण्यन अहवाल स्वीकारण्यास नकार दिला, एवढे मोठे काम एवढ्या थोड्या मुदतीत होण्यासारखे नाही असे स्पष्ट सांगितले, आणि पुरेसा अवधी देऊन नवी समिती नेमावी अशी शिफारस केली. ती समिती आजतागायत नेमली गेली नाही.

घाईने लिहिलेल्या अहवालाची ही गत झाली, तर विचारपूर्वक लिहिलेल्या अहवालाची काय झाली? माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने दीड वर्ष हिंडून, ग्रामसभांशी बोलून, ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल मंत्रालयाच्या स्वाधीन केला. तो लोकांच्या हाती २०१२ च्या मे महिन्यात पडला, आणि तोही केंद्रीय माहिती आयोगाने हुकूम केल्यावर व दिल्ली उच्च न्यायालयाने मंत्रालयाची याचिका फेटाळल्यावर. ज्या गावांविषयी तो लिहिलेला होता त्या गावांत त्याच्याविषयी नाना अफवा पसरविण्यास मिळालेला हा आठ-नऊ महिन्यांचा अवधी त्या अहवालास फार महाग पडला, असे माझे मत आहे. पुढे त्या अहवालाच्या फेरतपासणीसाठी कस्तुरीरंगन गट आला, संवेदनशील क्षेत्र घटले, आणि २०१४ पासून मसुद्यामागून मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ या तारखेचा आहे. त्याच्या आदल्याच दिवशी वायनाडमध्ये डोंगर कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली होती, आणि त्या दिवसाच्या बरोबर दहा वर्षांपूर्वी, ३० जुलै २०१४ रोजी, आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव दीडशेहून अधिक माणसांसह गाडले गेले होते.

याच्या अगदी उलट असे एक उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवर आहे, आणि त्याची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाही याचा मला विषाद वाटतो. डहाणू तालुका, चिकूच्या वाड्यांचा, वारली पाड्यांचा आणि मच्छीमारांच्या किनाऱ्याचा तालुका, १९९१ च्या जूनमध्ये पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. सगळ्या तालुक्यात मिळून पाचशे एकरांहून अधिक जमीन उद्योगांखाली जाऊ नये अशी मर्यादा त्यास घालून देण्यात आली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून, याच अधिनियमाच्या कलम ३ चा आधार घेऊन, डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. ज्या कलमाविषयी मी वर तक्रार केली त्याच कलमातून, योग्य हाती पडल्यावर, काय निर्माण होऊ शकते ते या प्राधिकरणाने दाखवून दिले. १९९८ मध्ये वाढवण येथील बंदर या तालुक्यात बसत नाही असा स्पष्ट निर्णय त्याने दिला. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्रास धुरातील गंधक काढून घेणारी यंत्रणा बसविण्याचा आदेश १९९९ मध्ये दिला, आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २००७ मध्ये ती चालू करविली. मंजुरीपत्रातील एक अट कागदावरून उतरून चिमणीपर्यंत पोहोचण्यास आठ वर्षे आणि एक न वाकणारे मंडळ लागले. मुंबई उच्च न्यायालयाच्या कार्यकारी मुख्य न्यायमूर्तिपदावरून निवृत्त झालेला, खादी वापरणारा हा माणूस आदिवासी पाड्यावरच्या स्त्रीचे म्हणणे आणि कंपनीच्या वकिलाचा युक्तिवाद सारख्याच लक्षपूर्वक ऐके, असे त्या परिसरातील लोक आजही सांगतात.

परंतु ती स्वायत्तता माणसावर उभी होती, कायद्यावर नव्हे. प्राधिकरणाचे अस्तित्व एका अधिसूचनेचे होते. अध्यक्षांची नेमणूक, सदस्यांची निवड, त्यांची मुदत, यांपैकी कशालाही अधिनियमाचे कवच नव्हते. २०१९ च्या जानेवारीत धर्माधिकारी गेले. पुढे नव्याने घडविलेल्या त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी वाढवण बंदरास ना-हरकत दिली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंदराची कोनशिला बसली. बंदर व्हावे की होऊ नये यावर सज्जनांचे मतभेद असू शकतात, आणि पंचवीस वर्षांनी परिस्थिती बदलते असेही कोणी म्हणेल. मी एवढेच म्हणतो, की एकाच तालुक्याविषयी, एकाच प्राधिकरणाचे, एकमेकांविरुद्ध असलेले हे दोन निर्णय कोणत्या कसोटीवर घासून पाहावयाचे, ती कसोटी कायद्यात कोठेही लिहिलेली नाही.

अशी कसोटी कायद्यातच लिहून ठेवण्याचा प्रयत्न ऑस्ट्रेलियाने केला आहे. त्या देशाच्या १९९९ च्या पर्यावरण कायद्यात कलम ५२२ए असे आहे, की दर दहा वर्षांतून निदान एकदा स्वतंत्र व्यक्तीकडून या कायद्याची तपासणी करून घ्यावी आणि तिचा अहवाल संसदेपुढे ठेवून प्रसिद्ध करावा. त्याप्रमाणे पहिली तपासणी २००९ मध्ये ॲलन हॉक यांनी केली, दुसरी २०२० मध्ये ग्रेम सॅम्युअल यांनी. सॅम्युअल हे चळवळीतले गृहस्थ नव्हेत. त्या देशाच्या व्यापारस्पर्धा आयोगाचे ते पूर्वी अध्यक्ष होते, उद्योगधंद्यांचा व्यवहार आतून ओळखणारे होते. त्यांनी अडतीस शिफारशी केल्या; निसर्गाचा ऱ्हास चालू आहे आणि कायदा तो थांबविण्यास असमर्थ ठरला आहे, असा स्पष्ट निर्वाळा दिला, आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता राष्ट्रीय मानके कायद्याने बांधून द्यावीत असे सांगितले. त्यांचे म्हणणे ताबडतोब मान्य झाले नाही. एक सरकार गेले, दुसरे आले, त्या सरकारचाही पहिला प्रयत्न फसला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तेथील संसदेने अखेर सुधारणा संमत केल्या, त्यांत स्वतंत्र संरक्षण यंत्रणेची स्थापनाही आहे. पाच वर्षे गेली खरी. परंतु त्या पाच वर्षांत अहवाल सर्वांच्या हाती होता, आणि सरकारला प्रत्येक वेळी त्याच्याशी आपला मसुदा ताडून दाखवावा लागत होता. कायद्याने लिहून घेतलेल्या तपासणीचे बळ हेच असते: ती करावयाची की नाही हे मंत्र्याच्या मनावर राहत नाही.

यावर आपल्याकडे दोन आक्षेप घेतले जातील. एक असा की, आपल्याकडे न्यायालये आहेत, २०१० पासून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, त्याचे एक पीठ पुण्यासच आहे. मग आणखी तपासणी कशाला? न्यायालयांविषयी मला नितांत आदर आहे, परंतु न्यायालय समोर आलेल्या फिर्यादीचा निवाडा करते, संपूर्ण कायद्याचा हिशेब मांडीत नाही. आणि न्यायालयांवर सगळा भार टाकल्याने काय होते, हे २०२५ सालाने दाखविले. मुंबईच्या वनशक्ती या संस्थेच्या याचिकेवर न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी १६ मे रोजी, आधी बांधकाम करून मागाहून मंजुरी देण्याची पद्धत बेकायदा ठरविली. सहा महिन्यांनी, १८ नोव्हेंबर रोजी, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय मागे घेतला, आणि न्यायमूर्ती भुयान यांनी आपला विरोध सविस्तर नोंदविला. बांधणारा बांधकाम करून बसतो, शेजारचा शेतकरी कचेरीत खेपा घालतो, आणि मूळ प्रश्न, पूर्वमंजुरी ही पूर्वीच हवी की मागाहून चालेल, हा अधिनियमात एका वाक्याने मिटला असता तो, पीठामागून पीठापुढे जात राहतो.

दुसरा आक्षेप उद्योगांच्या वतीने येतो, की तपासण्या वाढल्या म्हणजे विलंब वाढतो आणि रोजगार अडतो. हा आक्षेप मी हलका समजत नाही. कोकणातल्या ज्या गावाची हकिकत मी सांगितली तेथील तरुण मुले मुंबईस जातात हेही मला ठाऊक आहे. परंतु उद्योगास विलंबाइतकीच अनिश्चितता मारक असते, आणि आज अधिसूचना, ज्ञापने, स्थगिती व फेरविचार यांच्या जंजाळात ती अनिश्चितता जितकी आहे तितकी कोणत्याही स्वच्छ, कडक कायद्याने निर्माण होणार नाही. अहवाल लिहिणाऱ्याचा मेहनताना प्रकल्पधारकाऐवजी एखाद्या स्वतंत्र निधीतून दिला, तर त्या अहवालावर गावाचा विश्वास बसेल, आणि विश्वास बसलेल्या गावात कामही लवकर होईल.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. संपूर्ण कायदा उद्याच नव्याने लिहा, असे मी म्हणत नाही. तो कोणी आणि कसा लिहावा याचा निर्णय होण्यापूर्वी तसे म्हणणे धोक्याचेही आहे. महाराष्ट्र आणि गोवा यांतून निवडून गेलेल्या लोकसभेच्या पन्नास खासदारांना माझी विनंती एवढीच आहे, की त्यांनी पक्षभेद बाजूस ठेवून या अधिनियमात एक कलम घालण्याचा आग्रह धरावा: दर दहा वर्षांनी, मंत्रालयाबाहेरच्या आणि निश्चित मुदतीसाठी नेमलेल्या मंडळाने कायद्याची तपासणी करावी, त्या मंडळाने ग्रामसभांचे म्हणणे त्यांच्या भाषेत ऐकावे, अहवाल हाती आल्यापासून तीस दिवसांत अनुसूचीतील सर्व भाषांत प्रसिद्ध व्हावा, आणि कोणती शिफारस स्वीकारली, कोणती नाकारली व का नाकारली, याचे लेखी उत्तर सरकारने संसदेस द्यावे. मूळ अधिनियमात सव्वीस कलमे होती, आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्यांत आणखी काही घातली. त्यांपैकी एकाही कलमात, या कायद्याची तपासणी केव्हा व्हावी आणि ती कोणी करावी, याचा उल्लेख नाही.